हाकेला ओ : जेम्स ब्राउन आणि सोल संगीताची मैफल

सिनसिनाटी शहरातल्या 'किंग रेकॉर्ड्स' कंपनीचे मालक सिड नेथन हे व्यवहाराला पक्के गृहस्थ होते. १९६२ साली त्यांच्या कंपनीचा हुकमी गायक जेम्स ब्राउन त्यांच्याकडे एक मागणी घेऊन आला. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या अपोलो थिएटरात आपला कार्यक्रम जसा होतो तसा, लोकांच्या आरडाओरड्यासकट ध्वनिमुद्रित करावा, अशी ती मागणी होती. नेथन यांनी साफ नकार दिला. त्यांचा हिशेब वरकरणी बिनतोड होता. कार्यक्रमात नवं गाणं एकही नव्हतं. जी होती त्यांच्या रेकॉर्डी लोकांनी आधीच विकत घेतल्या होत्या. तीच गाणी, स्टुडिओतल्याइतकी स्वच्छ नाहीत, आणि वर प्रेक्षकांचा गोंगाट! यासाठी दुसऱ्यांदा पैसे कोण मोजणार?

ब्राउनने पदरचे सुमारे ५,७०० डॉलर घातले आणि २४ ऑक्टोबर १९६२ या दिवशी, बुधवारी, अपोलोत ध्वनिमुद्रण करून घेतलं. तो आठवडा जगाच्या इतिहासात वेगळ्याच कारणांनी नोंदला गेला आहे. त्याच बुधवारी क्यूबाभोवती अमेरिकन नौदलाची नाकेबंदी अमलात आली आणि अणुयुद्ध दाराशी आलं असं लोकांना वाटू लागलं. चारच दिवस आधी, २० तारखेला, चिनी फौजा आपल्या सीमेवर चालून आल्या होत्या. रेकॉर्डमध्ये या कशाचाही मागमूस नाही. तिच्यात ऐकू येतात ते एका माणसाच्या विनवण्या आणि त्यांना उत्तर देणारी शेकडो माणसं.

'लाइव्ह अ‍ॅट दि अपोलो' ही तबकडी १९६३ साली बाजारात आली. अमेरिकेच्या सर्वसाधारण खपाच्या यादीत, म्हणजे जिथे बहुतेक ग्राहक गोरे होते अशा यादीत, ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि ६६ आठवडे टिकली. काळ्या श्रोत्यांसाठी चालणाऱ्या रेडिओ केंद्रांवरचे निवेदक त्यातलं एखादं गाणं न निवडता तबकडीची अख्खी बाजू लावून देत. नेथन यांचा हिशेब चुकला होता. तो कुठे चुकला, हे शोधत गेलं की सोल संगीत प्रत्यक्ष मैफलीत पाहणं म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर बरंचसं हाती लागतं. माझ्या मते लोकांनी विकत घेतला तो गोंगाटच. त्या गोंगाटाशिवाय ही गाणी अर्धी असतात.

हे असं का, ते समजण्यासाठी थोडं मागे, चर्चमध्ये जावं लागेल.

अमेरिकेतल्या काळ्या बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल चर्चमधली उपासना ही आपल्या डोळ्यांपुढे येणाऱ्या शांत, गंभीर ख्रिस्ती प्रार्थनेसारखी नसते. धर्मोपदेशक बोलू लागतो आणि बाकांवरची माणसं त्याच्या वाक्यावाक्याला ओ देऊ लागतात. कुणी होकार भरतं, कुणी 'अजून सांगा' म्हणतं, कुणी टाळी देतं. बोलता बोलता उपदेशकाच्या गद्याला लय येते, मग सूर येतो, आणि शेवटी तो चक्क गाऊ लागतो. वाक्य कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. रसाळ कीर्तनकार आख्यानातून पदात कसा शिरतो ते आपण पाहिलेलं आहे. पोवाड्यात आणि तमाशात शाहिरामागे उभे राहून ध्रुपद उचलणारे झीलकरी आपल्या परिचयाचे आहेत. फरक इतकाच की तिथे झील धरण्याचं काम सगळ्या बाकांचं असतं. गुलामीच्या काळात शेतांवर, मळ्यांवर चालणाऱ्या कामाच्या गाण्यांतही हीच रीत होती : एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. आफ्रिकेतून आलेल्या या रीतीला चर्चने छप्पर दिलं.

या उपासनेत एक क्षण असा येतो की एखाद्या बाईला भान राहत नाही. ती थरथरते, ओरडते, कधी कोसळते. तिथल्या भाषेत तिच्यात पवित्र आत्मा संचारलेला असतो. पांढऱ्या पोशाखातल्या सेविका पुढे होतात, तिला सावरतात, पंख्याने वारा घालतात. कुणीही दचकत नाही. तो त्या दिवसाच्या कामकाजाचाच भाग असतो. हे दृश्य ध्यानात ठेवावं. पुढे ते रंगमंचावर येणार आहे.

चर्चमधलं हे गॉस्पेल संगीत आणि बाहेरचं रिदम अँड ब्लूज यांच्यात एक भिंत होती. देवाचं गाणं आणि सैतानाचं गाणं अशी सरळ वाटणी. १९५४ साली रे चार्ल्सने एका गॉस्पेल गाण्याचा साचा उचलून त्यावर एका स्त्रीच्या प्रेमाचे शब्द बसवले, तेव्हा भाविकांना तो शुद्ध पाखंडीपणा वाटला. (आपल्याकडे वाहतूक उलट्या दिशेने अधिक झाली. नाटकातल्या पदांच्या चाली भजनात गेल्या, आणि तक्रार करणारे तेव्हाही होते.) पण भिंतीला खिंडार पडलं ते पडलंच. चर्चचा आवेग, चर्चची हाक-ओ, आणि विषय मात्र माणसाच्या माणसाशी असलेल्या नात्याचा, या मिश्रणाला पुढे 'सोल' म्हणजे आत्मा हे नाव मिळालं. नावातच देव्हाऱ्याची खूण राहिली.

जेम्स ब्राउनचा जन्म १९३३ सालचा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या बार्नवेलचा. तो वाढला जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी, मावशीच्या घरी, आणि ते घर म्हणजे कुंटणखाना होता. बूट पॉलिश करणं, सैनिकांपुढे नाचून चिल्लर मिळवणं, चोरी, आणि सोळाव्या वर्षी तुरुंग. १९५२ साली तो सुटला तो बॉबी बर्ड या तरुण गायकाच्या कुटुंबाने हमी घेतली म्हणून. बर्डच्या गॉस्पेल मंडळीतूनच पुढे 'फेमस फ्लेम्स' हा ताफा उभा राहिला. त्यांचं पहिलं गाणं १९५६ साली आलं : 'प्लीज, प्लीज, प्लीज'. या गाण्यात शब्द म्हणावेत असे फार नाहीत. एकाच शब्दाची पुन:पुन्हा आळवणी आहे. नेथन यांना ते ऐकून संताप आला होता म्हणतात, आणि कागदावर पाहिलं तर त्यांचा संताप समजू शकतो. पण नामस्मरण ज्यांनी ऐकलं आहे त्यांना ठाऊक असतं की एकच शब्द शंभर वेळा उच्चारला की तो शंभर वेळा सारखा राहत नाही.

आता अपोलोकडे वळू. १२५व्या रस्त्यावरचं हे थिएटर जेमतेम दीड हजार आसनांचं. १९३४ साली ते या नावाने काळ्या प्रेक्षकांसाठी खुलं झालं. दर बुधवारी तिथे हौशी कलाकारांची रात्र असे. नवशिक्याने विंगेत ठेवलेल्या 'आशावृक्षा'च्या बुंध्याला हात लावून रंगमंचावर यायचं आणि गायचं. आवडलं तर प्रेक्षक डोक्यावर घेत, नाही आवडलं तर हुर्यो करून गाणं पुरं होण्याआधीच बाहेर काढत. सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड १९३४ साली इथेच जिंकली. असा हा प्रेक्षक. त्याला कुणी 'शांतता राखा' म्हणून सांगत नसे, आणि त्याला फसवणंही सोपं नव्हतं. ब्राउनने ध्वनिमुद्रणासाठी हार्लेम आणि बुधवार निवडला यात नवल नाही. आपलं गाणं ज्यांच्यावाचून पुरं होत नाही ती माणसं कुठे बसतात, हे त्याला ठाऊक होतं.

तबकडी आहे जेमतेम अर्ध्या तासाची. सुरुवातीला निवेदक फॅट्स गॉन्डर गायकाच्या एकेका गाण्याचं नाव घेतो, प्रत्येक नावानंतर वाद्यवृंद एक ठोसा देतो, दर ठोशाला स्वर वर चढतो आणि लोक अधिक ओरडतात. गायक अजून आलेला नाही आणि सभागृह तापलेलं आहे. पुढची काही गाणी भरभर उरकली जातात. मग येतं 'लॉस्ट समवन'. स्टुडिओत तीनेक मिनिटांत आटोपलेलं हे संथ गाणं इथे दहा मिनिटांहून जास्त चालतं.

या दहा मिनिटांत संगीताच्या दृष्टीने काय घडतं? जवळजवळ काहीच नाही. वाद्यं दोन स्वरसंगतींच्या मध्ये झुलत राहतात, आपल्याकडे लहरा चालू राहतो तशी. ब्राउन एक ओळ टाकतो आणि थांबतो. खालून कुणी बाई किंचाळते. तो तीच ओळ आणखी हळू म्हणतो. आता दुसरीकडून कुणी ओरडतं. तो आवाज इतका खाली आणतो की सभागृह श्वास रोखतं, आणि त्या शांततेत एकच किंकाळी उठते. तिच्यावर सगळे हसतात, आणि त्या हसण्यातही त्याची लय सुटत नाही. तो लोकांना ओरडायला सांगतो, ते ओरडतात. थोडं थांबवतो, पुन्हा सोडतो. कुठे थांबायचं हे त्याने आधी ठरवलेलं नाही. ते त्याला खालून कळतंय. आपल्या मैफलीत दाद येते ती समेवर, जागा घेऊन झाल्यावर. ती पावती असते. इथे दाद ही पुढची ओळ असते. ती आली नाही तर गायकाला पुढे जायला रस्ताच नाही.

ब्राउनने आत्मचरित्रात एक किस्सा सांगितला आहे. प्रेक्षकांचा आवाज टिपायला लावलेल्या एका मायक्रोफोनखाली नेमकी एक म्हातारी येऊन बसली. गाणं रंगलं की ती आनंदाने मोठमोठ्याने अर्वाच्य शिव्या देत ब्राउनला प्रोत्साहन देत होती, आणि त्या सगळ्या स्वच्छ टिपल्या गेल्या. ध्वनिमुद्रणाचं काम पाहणारी मंडळी आधी हवालदिल झाली. मग फीत ऐकता ऐकता सगळ्यांच्या ध्यानात आलं की सोनं तिथेच आहे. तिला हाकलण्याऐवजी दिवसभराच्या पुढच्या खेळांनाही तिची बसण्याची सोय करण्यात आली.

इथवर वाचून असं वाटेल की हा सगळा उत्स्फूर्ततेचा मामला आहे, गायक भान हरपतो आणि लोकही. तसं मानणं ही या संगीताविषयीची सर्वांत जुनी गैरसमजूत आहे, आणि तिच्यात थोडा तुच्छतेचा वासही आहे. जणू या लोकांना भावना आहेत, कारागिरी नाही.

ब्राउनच्या वाद्यवृंदातल्या वादकांनी नंतर सांगितलेल्या आठवणी वाचल्या की वेगळंच चित्र दिसतं. बूट चकाकत नसले तर दंड. बो-टाय विसरला तर दंड. यायला उशीर झाला तर दंड. सूर चुकला तर दंड, आणि तो तिथल्या तिथे, चालू कार्यक्रमात. ब्राउन नाचता नाचता मागे वळून पंजा उघडी, बोटं दाखवी. प्रेक्षकांना वाटे नाचातलीच ही एक लकब, आणि ज्याच्याकडे पाहून ती बोटं उघडली त्याला कळे की आजच्या पगारातून इतके डॉलर गेले. सॅक्सोफोनवादक मॅसिओ पार्कर, ट्रॉम्बोनवादक फ्रेड वेस्ली अशी पहिल्या प्रतीची माणसं या शिस्तीखाली वाजवत होती. त्यांतले बरेच जण कधी ना कधी वैतागून सोडूनही गेले. हुकूमशाही होती यात शंका नाही, आणि तिचं कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यावा असं मला वाटतं.

त्याच शिस्तीतून १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने ताल बदलला. अमेरिकन लोकप्रिय संगीतात चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वजन देण्याची रीत रुळली होती. टाळीही तिथेच पडते. ब्राउनने वजन पहिल्या मात्रेवर आणलं. 'द वन', म्हणजे 'एक', हे त्याचं परवलीचं नाव. आपण ज्याला सम म्हणतो तिच्याशी याचं नातं आहे, पण वापर उलटा आहे. आपला गायक समेपासून दूर भटकतो, आणि तो परत कसा येणार याची उत्कंठा श्रोत्याला लागते. ब्राउन दर चार मात्रांनी समेवर आदळतो. मधल्या जागेत गिटार, बास, ड्रम, पितळी वाद्यं आपापली छोटी तुकडेबाजी करतात आणि 'एक' आला की सगळी एकदम हजर. १९६५ चं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' आणि १९६७ चं 'कोल्ड स्वेट' यांत हा बदल स्पष्ट ऐकू येतो. दर समेला पाय जमिनीवर आपटला की हजारो माणसं एका शरीरासारखी हलू लागतात. स्वरसंगती जवळपास गोठलेली आणि ताल मात्र जागता, असं हे संगीत खुर्चीत बसून ऐकण्याचं नव्हे. पुढे फंक आणि हिपहॉप यांची इमारत याच पायावर चढली.

आणि मग तो प्रसिद्ध झगा.

कार्यक्रमाच्या शेवटी 'प्लीज, प्लीज, प्लीज' गाताना ब्राउन गुडघ्यांवर कोसळे. विनवण्या करून करून माणूस संपला, असं वाटे. मग निवेदक पुढे येई, त्याच्या खांद्यांवर एक झगा पांघरी, पाठ थोपटून त्याला उठवी आणि हळूहळू विंगेकडे नेऊ लागे. चार पावलं गेली की ब्राउन थबके. पाय आपटे. झगा झुगारून मायक्रोफोनकडे धाव घेई आणि पुन्हा कोसळे. पुन्हा झगा, पुन्हा चार पावलं, पुन्हा झुगारणं. हे तीन-चार वेळा. झगा पांघरण्याचं हे काम डॅनी रे या निवेदकाने कित्येक दशकं केलं. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे चित्रित झालेल्या 'टी.ए.एम.आय. शो' या चित्रपटात हा प्रकार आजही पाहता येतो. त्यानंतर रंगमंचावर यायचं होतं 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रज तरुणांच्या ताफ्याला. त्यांच्या कीथ रिचर्ड्सने नंतर, जेम्स ब्राउनमागून रंगमंचावर जाणं ही आपली मोठी घोडचूक होती, अशा अर्थाची कबुली दिली. तो तुकडा पाहिला की ती कबुली पटते.

झग्याची कल्पना आपल्याला गॉर्जस जॉर्ज या नटव्या पहिलवानावरून सुचली असं ब्राउन सांगे. हा मल्ल झगमगीत झगे घालून, सेवक बरोबर घेऊन आखाड्यात येई. पण समोरच्या काळ्या प्रेक्षकांना पहिलवान आठवत नसावा. त्यांना आठवत असणार रविवारची सकाळ, कोसळलेली बाई आणि तिला सावरणाऱ्या पांढऱ्या पोशाखातल्या सेविका. वर्षातल्या शेकडो रात्री, ठरल्या जागी, ठरल्या क्षणी माणूस कोसळतो, आणि पाहणाऱ्यांना तो कोसळणार हे आधीपासून ठाऊक असतं. मग हे खोटं का म्हणू नये?

हा प्रश्न मला या संगीतातला सर्वांत कळीचा वाटतो. खरी भावना एकदाच येते आणि दुसऱ्यांदा केलं की तो अभिनय, अशी एक समजूत आपण बाळगतो. पण ज्या समाजाच्या भक्तीलाच ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा असते त्याला हा पेच पडत नाही. दर वर्षी त्याच वाटेने पंढरीला जाणाऱ्याला कुणी 'गेल्या वर्षी जाऊन आलास ना?' असं विचारत नाही. कीर्तनात द्रौपदीवस्त्रहरणाला रडणाऱ्या म्हाताऱ्यांना कृष्ण येणार हे ठाऊक असतंच. ठाऊक असण्याचाच तो परिणाम असतो. अपोलोतले लोक झग्याला फसत नव्हते. ते त्याची वाट पाहत होते, आणि तो आला की आपापल्या आयुष्यातलं जे काही कोसळलेलं होतं ते त्याच्यावर टाकत होते. १९६२ सालच्या हार्लेममध्ये, पुन्हा उठून मायक्रोफोनकडे धावणारा काळा माणूस ही नुसती प्रेमकहाणी नव्हती.

प्रेक्षक बदलला की गायक किती बदलतो याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला म्हणावा असा पुरावा सॅम कुकच्या दोन ध्वनिमुद्रणांत मिळतो. कुक गॉस्पेलचा लाडका गायक, पुढे लोकप्रिय संगीतात आलेला, आवाज रेशमाचा. १२ जानेवारी १९६३ रोजी तो मायामीच्या काळ्या वस्तीतल्या हार्लेम स्क्वेअर क्लबात गायला. तिथला कुक खरबरीत आहे, घसा फाडतो, लोकांना ओळी गायला लावतो, लोक त्याच्या अंगावर धावून यावेत तसे गातात. त्याच्या कंपनीला, आरसीएला, हे ध्वनिमुद्रण फार रांगडं वाटलं आणि त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. १९६४ च्या जुलैत तोच कुक न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या गोऱ्या श्रीमंतांच्या क्लबात गायला. सुरेल, अदबशीर, जेवणाच्या टेबलांना न दुखवणारा. ती तबकडी त्याच वर्षी निघाली. डिसेंबरात कुक गोळी लागून मेला. मायामीची रात्र बाजारात यायला १९८५ साल उजाडलं. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. कोपाकबानात आवाज काकणभर अधिक सुंदर आहे, आणि गाणं एकट्या माणसाचं आहे.

हाकेला ओ मिळवण्याची ही विद्या एकदा रंगमंचाबाहेरच्या कामाला आली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस इथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या रात्रीपासून अमेरिकेतल्या शंभराहून अधिक शहरांत दंगली पेटल्या. दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, जेम्स ब्राउनचा बॉस्टन गार्डन या भल्यामोठ्या सभागृहात आधीच ठरलेला कार्यक्रम होता. तो रद्द करावा असं महापौर केव्हिन व्हाइट यांच्या मंडळींच्या मनात होतं. टॉम अ‍ॅटकिन्स या काळ्या नगरसेवकाने विरोध केला. हजारो तरुण कार्यक्रमासाठी शहराच्या मध्यभागी येतील आणि त्यांना कुलूप दिसेल, तर काय होईल याचा विचार करा, असं त्याचं म्हणणं. शेवटी तोडगा निघाला : कार्यक्रम करायचा, आणि तो डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रावरून थेट दाखवायचा, म्हणजे लोक घरीच बसतील. तिकिटांचे पैसे बुडणार म्हणून ब्राउनने नगरपालिकेकडे ६०,००० डॉलरांची हमी मागितली. काहींना हे त्या दिवशी शोभलं नाही असं वाटतं. मला वाटतं, वाद्यवृंदाचे पगार देणाऱ्या माणसाचा तो साधा हिशेब होता.

चौदा हजारांच्या त्या सभागृहात सुमारे दोन हजार माणसं आली. कार्यक्रमाच्या शेवटाकडे एकेक पोरं रंगमंचावर चढू लागली. पोलिसांनी त्यांना ढकलून खाली पाडायला सुरुवात केली. हवेत काय होतं हे सगळ्यांना कळत होतं. गोरे पोलीस, काळी पोरं, किंग जाऊन एक दिवस झालेला, आणि सगळं शहर पडद्यावर पाहतंय. ब्राउनने वाद्यं थांबवली. पोलिसांना मागे व्हायला सांगितलं, आपण पाहून घेतो म्हणाला. मग पोरांशी बोलला, रागावून, समजावून : तुम्ही मला नीट वागवत नाही आहात, आपण काळी माणसं आहोत, आपणच एकमेकांची अशी शोभा करणार का, अशा आशयाचं. पोरं खाली उतरली. त्याने ढोलवाल्याला खूण केली आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं. केंद्राने ध्वनिचित्रफीत लगेच पुन्हा दाखवली. बॉस्टन त्या रात्री इतर शहरांच्या मानाने शांत राहिलं.

याचं सगळं श्रेय एका कार्यक्रमाला देणं अतिशयोक्तीचं होईल. अ‍ॅटकिन्ससारखी माणसं आणि वस्त्यांतले कार्यकर्ते रस्त्यांवर उभे होतेच. पण ती दोन मिनिटं पाहण्यासारखी आहेत. जो माणूस हजारो रात्री लोकांचा आवाज वर नेत आणि खाली आणत आला होता, त्याने तेच केलं, फक्त वाद्यांवाचून. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने 'से इट लाउड' हे काळेपणाचा अभिमान सांगणारं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात ओ द्यायला मुलांचा मेळा आहे. ब्राउनने पुढे सांगितलं की त्यातली बरीच मुलं काळी नव्हतीच, गोरी आणि आशियाई होती. हाक एका समाजाची होती, पण जवळ उभा असेल तो ओ देऊ शकत होता.

अमेरिकन काळ्यांच्या जगाशी मराठीचं नातं जुनं आहे, पण ते ठरावीक वाटांनीच आलं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड असे काळे अमेरिकन जॅझवादक वाजवत होते आणि त्यांच्याकडून शिकलेले गोमंतकीय वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. नंतर जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्यांचं साहित्य मराठीत आणलं, आणि १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तेव्हा नाव थेट तिकडून आलं. म्हणजे जॅझ आला, कविता आली, राजकारण आलं. सोल मात्र आपल्या चर्चेत फारसं आलं नाही. कदाचित ते छापून आणता येत नाही म्हणून. वामनदादा कर्डकांच्या गाण्याला रात्ररात्र बसणाऱ्या श्रोत्यांना अपोलो समजायला वेळ लागला नसता.

त्याच १९७२ सालच्या जानेवारीत, १३ आणि १४ तारखेला, अरीथा फ्रँकलिन लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्चमध्ये गायली. तेव्हा ती २९ वर्षांची होती आणि सोल संगीताची सम्राज्ञी म्हणून जगभर ओळखली जात होती. या दोन रात्री तिने फक्त लहानपणीचं गॉस्पेल गायचं ठरवलं. साथीला रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड आणि त्यांचं गायकवृंद. श्रोते साधे, वस्तीतले. मागच्या बाजूला मिक जॅगरही होता. 'अमेझिंग ग्रेस' ही तबकडी त्याच वर्षी आली आणि अरीथाच्या आयुष्यात सर्वाधिक खपलेली तबकडी ठरली. सिडनी पोलॅक या दिग्दर्शकाने त्याचं चित्रणही केलं होतं, पण क्लॅपर न वापरल्यामुळे चित्र आणि आवाज जुळवता येईनात. तांत्रिक अडचण पुढे सुटली, तेव्हा अरीथाने न्यायालयात जाऊन प्रदर्शन थांबवलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती गेली आणि नोव्हेंबरात चित्रपट लोकांनी पाहिला. ४६ वर्षांनी.

ऐकलेल्या तबकडीत जे नव्हतं ते चित्रपटात आहे : चेहरे. शीर्षकगीताच्या मध्येच क्लीव्हलंड तोंड झाकून रडू लागतात. गायकवृंदातली माणसं आपण झील धरायला उभे आहोत हे विसरून उठतात, हातवारे करतात, तिला ओरडून 'गा' म्हणतात. अरीथा मात्र जवळजवळ बोलतच नाही. डोळे मिटते, घाम निथळतो, गाते. सगळ्या सभागृहाचं भान सुटलेलं आणि तिचा एकही स्वर ढळलेला नाही.

दुसऱ्या रात्री तिचे वडील आले. डेट्रॉइटचे रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन, ज्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्डी देशभर खपत, आणि ज्यांच्या चर्चमध्ये ती लहानपणी गायला शिकली. त्यांना बोलायला सांगितलं. त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. तिने अरीथाला दूरचित्रवाणीवर पाहिलं होतं. बरं वाटलं, पण ही चर्चमध्ये परत येईल तेव्हा खरा आनंद होईल, असं ती त्यांना म्हणाली. ती चर्च सोडून गेलीच कुठे होती, असं त्यांनी तिला उत्तर दिलं होतं. पुढे अरीथा पियानोवर बसून गात असताना ते जागेवरून उठले, तिच्याजवळ गेले, आणि गाणं चालू असतानाच रुमालाने तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसू लागले. ती गात राहिली.